चारशे मिलीसेकंद

धाकटीचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता, आणि कशापायी, तर बटणांपायी.

बटणं, खिडक्या, याद्या, अक्षरं लिहायचे चौकोन, वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या. संगणकाच्या पडद्यावर जे जे म्हणून दाबता येतं, ओढता येतं, ते सगळं तयार करून देणारी एक लायब्ररी तिच्या दादाने नऊ वर्षं खपून लिहिली होती. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. ती दोन वर्षं धाकटी त्या लायब्ररीला किटमध्ये जागा मिळवून देण्याच्या मागे होती. किट म्हणजे काय, तर प्रोग्रॅम लिहायची एक भाषा होती, बऱ्यापैकी चालणारी, आणि ती वापरायला लागणारी सगळी हत्यारं एका पेटीत घालून वर्षातून दोनदा लोकांना दिली जायची. त्या पेटीला सगळे किट म्हणायचे. पेटीत आकडेमोड करणारं होतं, फाइली उघडणारं होतं, चुका हुडकणारं होतं. पण पडद्यावर साधी एक खिडकी उघडेल असं काही नव्हतं. ज्याला खिडकी हवी त्याने दादाची लायब्ररी वेगळी शोधून आणायची. मग किटची आवृत्ती एक, लायब्ररीची दुसरी, दोघींचं एकमेकींशी पटेना, की बसा डोकं धरून.

लायब्ररी किटमध्ये गेली की ही कटकट संपली. भाषा ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी दादाच्या खिडक्या आपोआप जाणार. आणि नाही गेली तर? सांभाळायला धनी नसलेली लायब्ररी दोन-तीन वर्षांत लोक सोडून देतात. कुणी भांडत नाही, कुणी काही बोलत नाही, एक दिवस ती कुठेच चालत नाही एवढंच. दादा एकदा गेला होता. त्याला दुसऱ्यांदा जाताना बघायची धाकटीची तयारी नव्हती.

म्हणून ती रोज पहाटे पाचला उठायची, आठपर्यंत हे काम करायची, आणि मग तोंडावर पाणी मारून नोकरीवर जायची. तिथे दिवसभर दवाखान्यांच्या नोंदी ठेवणारा दुसराच प्रोग्रॅम. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. ऑफिसातली मैत्रीण म्हणायची, "अगं, आरशात बघतेस का कधी?" धाकटी म्हणायची, "बघते ना, फक्त ओळखत नाही."

पहाटेच का, तर किटच्या दारात जे गृहस्थ बसले होते त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ असायची. आत येणारी प्रोग्रॅमची एकूणएक ओळ त्यांच्या नजरेखालून जायची. माघारी सगळे त्यांना चाळण म्हणत, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. चाळण साहेबांचा नियम एकच होता, पण दगडावर कोरलेला. ज्या ओळीचं कारण तिच्या शेजारी माणसाच्या भाषेत लिहिलेलं नाही, ती ओळ किटमध्ये येणार नाही. मग ती कितीही गुणी असो.

आता या नियमाची दादाच्या लायब्ररीला भीती नव्हती. उलट दादासारखा टिपा लिहिणारा दुसरा झाला नाही. प्रोग्रॅमच्या ओळींच्या मध्ये मध्ये तो गप्पा मारल्यासारखा लिहायचा. 'इथे एक मिळवलाय, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते, घाबरू नका.' 'ही खिडकी आधी लपवतो, मग सजवतो, मग दाखवतो. पाहुण्यांसमोर कपडे बदलत नाहीत.' त्रेचाळीस हजार ओळी, आणि कुठेही बोट ठेवा, दादा तिथे काहीतरी सांगायला हजर. सुरुवातीला धाकटी वाचता वाचता रडायची. नंतर नंतर तेवढीही ताकद उरली नाही. तीन वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांवर साडेसहाशे चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, व्हायला हव्यात, एकीकडे हिरवं केलं की दुसरीकडे लाल. नावं बदला, फाइली हलवा, परत लाल. तिच्या नाकी नऊ आले होते. दादा काय सांगतोय याकडे लक्ष द्यायला फुरसत कुणाला होती?

आणि मग, सगळं होत आलेलं असताना, पेटीचं झाकण लागायला दोन दिवस उरलेले असताना, चाळण साहेब फोनवर म्हणाले, "एक ओळ राहिली आहे. बटणांच्या फाइलमध्ये. चारशे."

"कसले चारशे?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय. बटण एकदा दाबलं की पुढचे चारशे मिलीसेकंद ते दुसरं दाबणं मोजतच नाही. का?"

धाकटीने ओळ उघडली. चारशे मिलीसेकंद म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत. ओळीच्या वर टीप नाही, खाली नाही, शेजारी नाही. अख्ख्या लायब्ररीत तोंड न मिटणाऱ्या दादाने इथे चकार शब्द काढला नव्हता.

"काही कारण असेल, सर."

"असेलच. ते लिहा, मी घेतो. नाहीतर काढा. हे बघा, कुणी आकडेमोडीचं यंत्र बनवलं आणि त्यावर पटकन पाच-पाच दाबलं, तर पंचावन्न यायच्या ऐवजी पाचच येतात. लोकांच्या तक्रारी आहेत. तुमच्या भावाने सहा वर्षांत सात जणांना उत्तर दिलंय, 'बघतो.' आणि बघितलेलं नाही."

धाकटीने जुन्या नोंदी चाळल्या. खरंच होतं. सात तक्रारी, सात 'बघतो'. दादा तक्रार आली की त्याच दिवशी दुरुस्ती करणारा माणूस. पण तिला वाटलं, आजारी होता, राहून गेलं असेल. तिने डोळे चोळले, ओळ काढली, चाचण्या लावल्या. साडेसहाशेच्या साडेसहाशे हिरव्या. दोन दिवसांनी पेटीचं झाकण लागलं. आता तीन आठवडे फक्त चुका दुरुस्त करायच्या, नवीन काही आत घ्यायचं नाही, आणि मग किट जगभर जाणार. धाकटी त्या दिवशी ऑफिसातून आली ती चपलांसकट पलंगावर पडली.

बाबांनी येऊन चपला काढल्या. त्यांना जरा वेळ लागला.

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं त्यांनी एका अरुंद दुकानात, डोळ्याला भिंग लावून, लोकांची घड्याळं उघडून मिटली. मग उजवा हात थरथरायला लागला. आधी कपातला चहा बशीत यायचा, पुढे चिमट्यातून स्क्रू निसटायला लागले. एका गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या घड्याळातलं एवढंसं चाक खाली पडलं, ते सापडेपर्यंत बाबा दोन तास जमिनीवर रांगत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद केलं आणि त्याबद्दल घरात एक अक्षर बोलू दिलं नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की जेवणावरून उठायचे. हात खिशात घालून फिरायचे. सगळ्यांनी ओळखलं, बाबांना हा विषय नको आहे.

तेव्हा दादाने त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम बनवला. बाबांकडे चाळीस वर्षांच्या वह्या होत्या, कुठल्या घड्याळाला काय झालं होतं आणि त्यावर काय इलाज केला. त्या सगळ्या नोंदी संगणकात घालायच्या. लांबलांबून लोक जुन्या घड्याळांबद्दल विचारायचे, बाबा नोंद काढून उत्तर द्यायचे. लायब्ररीची पहिली खिडकी त्या प्रोग्रॅमसाठी उघडली होती. आणि बाबा माउसवर हात ठेवून बसले की कुणीतरी त्यांना दुकान परत दिल्यासारखे दिसायचे. "कप धरवत नाही मला," ते एकदा म्हणाले होते, "पण इथे बघ. इथे अजून हात आहे माझा."

आणखी एक होतं. दादा लायब्ररीची नवी आवृत्ती झाली की कागदावर छापून बाबांना द्यायचा. प्रोग्रॅम बाबांना ओ का ठो कळायचा नाही, पण मधल्या टिपा ते लाल पेन घेऊन वाचायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "हे वाक्य लंगडतंय," म्हणायचे. "पाहुण्यांचं बरं लिहिलंस." दादाने टिपांचा एवढा सोस का धरला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वाचणारा घरातच बसलेला होता.

शनिवारी धाकटीने नवं किट बाबांच्या संगणकावर चढवलं. तिला वाटलं, पहिला मान त्यांचा. चहा केला, स्वतःचा कप घेऊन ती मागे उभी राहिली. "बाबा, दादाच्या खिडक्या आता किटमधून आल्यात बरं का. उघडा बघू."

बाबांनी 'नवी नोंद' दाबलं. दोन खिडक्या उघडल्या.

"अरेच्चा," बाबा म्हणाले. एक बंद करायला गेले तर दोन्ही बंद झाल्या. परत दाबलं. तीन उघडल्या. बाबांनी माउस सोडला, हात मांडीवर पुसला, परत धरला. अगदी सावकाश, श्वास रोखून, बोट खाली नेलं. धाकटीला ते बोट दिसत होतं. माउसच्या बटणावर ते एकदा टेकलं, आणि टेकलेलं असतानाच थरथरून पुन्हा दोनदा आपटलं. दोन खिडक्या.

बाबांनी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि मांडीवर ठेवला.

"इथे बरा होता इतकी वर्षं," ते म्हणाले. "आता इथेही आलं म्हणायचं."

"बाबा, थांबा, ते किटचं काहीतरी—"

"असू दे गं. दमलीयेस तू." ते उठले, संगणकावर कापड घातलं, नीट चारी कोपरे ओढून, दुकान बंद करताना घालायचे तसं. आणि बाहेर जाऊन बसले.

धाकटीने हातातला कप खाली ठेवला. चारशे! कप्पाळ माझं, चारशे! बाबांच्या हाताला थरथरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ दादाने बटणाला बहिरं करून ठेवलं होतं. सात लोकांना 'बघतो' म्हणून झुलवत ठेवलं होतं. आणि टीप लिहिली नव्हती, कारण टीप कोण वाचणार होतं? लाल पेन घेऊन? अगं बाई, त्रेचाळीस हजार ओळींत एकच ओळ गप्प आहे, आणि तुला दोन वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही की ती गप्प का? ती स्वतःला मनातल्या मनात अशी बोलली की दुसऱ्या कुणाला बोलली असती तर त्याने जन्माचं तोंड फिरवलं असतं.

रविवारी कापड निघालं नाही. सोमवारीही नाही. एरवी सकाळी सातला बाबांच्या खोलीतून माउसची टक टक यायची, ती येईना. एका माणसाचं पत्र आलं होतं, लंबकाच्या घड्याळाचा ठोका चुकतोय म्हणून, बाबा म्हणाले, "लिहून टाक त्याला, म्हाताऱ्याने काम सोडलं."

मंगळवारी पहाटे धाकटीने फोन लावला.

"सर, ती चारशेची ओळ परत घालायची आहे."

"झाकण लागलंय," चाळण साहेब म्हणाले. "आता फक्त चुका."

"ही चूकच आहे. चालत होतं ते मी बंद पाडलं. तुमच्या नियमात याला दुसरं काही म्हणतात का?"

तिकडे खुर्ची करकरली. "आणि आकडेमोडीचं यंत्र? पाच-पाच?"

"सगळ्यांना नको. एक सेटिंग देऊ. ज्याला हवं तो वेळ ठरवेल, बाकीच्यांना शून्य."

"सेटिंग म्हणजे नवी गोष्ट झाली. तुम्ही पुढच्या किटला या. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

धाकटीला एवढा थकवा आला की ती खाली फरशीवरच बसली. "सर, मग सगळीच लायब्ररी काढा."

"काय म्हणालात?"

"काढा. पुढच्या किटलाही नको. मला ती ओळ नसलेली लायब्ररी जगभर पाठवायची नाही. दोन वर्षं माझी गेली, जाऊ देत. मी दमले आहे, मला भांडायचं पण नाही." आणि मग, कुणाला कधी सांगायचं नाही असं घरात ठरलेलं, तिने ते सगळं त्या न पाहिलेल्या माणसाला सांगून टाकलं. हात, चाक, रांगणं, कापड.

तिकडे खुर्ची पुन्हा करकरली.

"हे कारण आहे," चाळण साहेब म्हणाले. "चांगलं कारण आहे. हे ओळीच्या वर लिहा, मी घेतो."

"तेच लिहिता येत नाही. बाबा टिपा वाचतात."

"कोण वाचतं?"

"बाबा. दादा छापून द्यायचा. एकूणएक टीप वाचतात, लाल पेन घेऊन."

चाळण साहेब जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "वीस वर्षं मी लोकांच्या टिपा वाचतोय. तुमच्या भावाच्या एवढ्या चांगल्या का, याचं मला नवल वाटायचं. कुणी वाचतच नाही हो, एरवी." घसा खाकरला. "नियम बदलणार नाही. कारण लिहावंच लागेल. पण सगळं कारण लिहा असं नियमात नाही. आज रात्रभर मी जागा आहे. तिन्हीकडे हिरवं दाखवा."

धाकटीने ऑफिसला सुट्टी टाकली. ओळी लिहायला वीस मिनिटं लागली, टीप लिहायला तीन तास. दादाला हे सहज यायचं, तिला कधीच येत नव्हतं. दहा वेळा खोडून शेवटी लिहिलं: 'घड्याळात दातेरी चाकाला एक छोटी आकडी अडवून धरते. एका ठोक्याला एकच दात सुटतो. बटणालाही तसंच अडवता येतं. किती वेळ अडवायचं, ते ज्याने त्याने आपल्या हाताप्रमाणे ठरवावं. ही युक्ती एका घड्याळजींची.' दुपारी चाचण्या हिरव्या झाल्या. चाळण साहेबांचं उत्तर एका शब्दाचं होतं: 'घेतलं.'

तिने बाबांच्या संगणकावर नवं किट चढवलं, सेटिंगमध्ये चारशे घातले, आणि मग दादा करायचा तसं सगळं छापून आणलं. कागदांचा गठ्ठा बाबांच्या पुढ्यात ठेवला, वर लाल पेन. "दादाची लायब्ररी किटमध्ये गेली बाबा, कायमची. शेवटचं एकदा बघून द्या."

बाबा दोन दिवस वाचत होते. दादाच्या टिपांना हसत होते, मध्येच चष्मा काढून पुसत होते. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी हाक मारली. "धाकटे, इकडे ये."

बटणांचं पान उघडं होतं. बाबांचं बोट तिच्या टिपेखाली होतं, आणि ते बोट कागदावर थरथरत होतं, आणि आज त्यांनी ते लपवलं नाही.

"हे त्याचं नाही. तुझं आहे."

"हो. का, लंगडतंय?"

"नाही. बरं आहे. आधी इथे काही लिहिलेलं नसायचं. दर वेळी मी बघायचो, या वेळी तरी लिहितो का. नाही लिहायचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं टिकटिक ऐकली मी. बटण अडून बसतं ते मला कळणार नाही?" ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं. त्याला वाटायचं मला माहीत नाही, मी म्हटलं, वाटू दे. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमचं दोघांचं बरं चाललं होतं. परवा शनिवारी वाटलं, त्याच्याबरोबर तेही गेलं."

धाकटीने त्यांचा हात धरला, त्यांनी धरू दिला. दोन वर्षांत साठलेलं तिथेच बाहेर आलं, आणि ती लहान असताना रडायची तशी, नाक ओढत, रडली. बाबा तिचं होईपर्यंत पान धरून बसले.

मग त्यांनी लाल पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"आणि ते चारशे," ते म्हणाले, "त्याच्या वेळी पुरायचे. आता पुरत नाहीत. सहाशे कर."

धाकटीने डोळे पुसले. संगणकावरचं कापड काढलं, सेटिंग उघडलं, चार खोडून सहा घातले. बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि 'नवी नोंद' दाबलं. एक खिडकी उघडली.